टांगती शय्या
कोलंबसास १४९२ सालीं बहामा बेटांवर सुती जाळ्यांत निजणारे लोक आढळले. इंग्रजी आरमारानें १५९७ सालीं खलाशांकरितां टांगत्या बिछान्यांस मंजुरी दिली. आमच्याकडे झोळी राहिली ती तान्ह्या मुलाचीच! शेतावर राबणारी आई ती फांदीस बांधी. झाड नसेल तेथें तीन काठ्या एकत्र बांधून त्यांस. पवईचा तलाव १८९१ सालचा. त्याच्या काठच्या आमच्या नव्या घरांत ना फांदी, ना तुळई. म्हणून लोखंडी चौकटीवर स्वतः उभी राहणारी झोळी आणिली. पहिल्याच रात्रीं कंबर धरली! दोष आमचाच. सरळ निजल्यास पाठ धनुष्यासारखी वांकते. तिरपें निजल्यास अंग जवळजवळ सपाट राहतें. आतां झोंप उत्तम लागते; मात्र दुपारीं नातवंडें ती आम्हांस मिळूं देतील तर!