बोगनवेल

(बुगनवेल, लॅ. बुगनविलिया, कुल–निक्टॅजिनेसी). गुलबक्षी व पुनर्नवा यांच्या कुलातील काटेरी, बहुवर्षायू वेल. मूलस्थान दक्षिण अमेरिका. कप्तान बूगँव्हीलच्या पृथ्वीप्रदक्षिणेत १७६७ साली फिलिबेर कॉमेर्सां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावे रिओ द जानेरो येथून हिची नोंद झाली. पुरुषवेषात त्याची साहाय्यक म्हणून जहाजावर असलेल्या झान बारे हिचा या संकलनात नेमका किती वाटा होता, याबद्दल मतभेद आहेत. नाव मात्र वेलीला कप्तानाचे मिळाले. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती रंगीत छदे होत. खरे फूल म्हणजे प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेली बारीक, पांढुरकी नळी.

वेल माजते, पण फुलत नाही, ही घरोघरची तक्रार. त्यावर खत वाढवण्याचा उपाय उलटा पडतो, हे वेलीच्या रचनेवरूनच पटते. पानाच्या बगलेतल्या एकाच डोळ्यातून काटा तरी येतो किंवा फुलोरा तरी. नत्र, पाणी व सावली वाढली की जोमदार लांब फुटवे येतात आणि त्यांवर काटेच अधिक दिसतात. कडक ऊन आणि लहान दिवस मिळाले की तोच डोळा फुलोऱ्याकडे वळतो. म्हणून पावसाळ्यात हिरवीगार असणारी वेल हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रंगते. संत्र्याचा बहार धरताना बागायतदार ताण देतात, तसाच बेताचा ताण इथे द्यावा: पाने किंचित मलूल झाली की मगच भरपूर पाणी. यावर असा आक्षेप येतो, की फुलणे दिवसमानावर ठरत असेल तर ताणाचे श्रेय कशाला? दिवसमानाचा प्रभाव खराच, पण तो सर्व वाणांवर सारखा नाही. शिवाय दिवस आपल्या हाती नाही, पाणी आहे. एप्रिलमधल्या गच्चीवरच्या कुंडीला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे मुळे तापून वेल पानेच झाडून टाकते. बहार नव्या फुटव्यांवर येतो, त्यामुळे एक बहार ओसरताच छाटणी करावी. सावलीतल्या वेलीला यांतला एकही उपाय लागू पडत नाही. आधी जागा बदलावी.

वाण : शेकडो. ‘मेरी पामर’ या वाणात एकाच वेलीवर पांढरी व किरमिजी छदे येतात. वाणांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे.

अभिवृद्धी : पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचे छाट लावून. दुहेरी छदांच्या वाणांना मुळे अवघड फुटतात. त्यांची गुटी बांधावी.

कीड व रोग : क्वचित.