प्रीमिक्स? ते तर आजीच्या डब्यातही होतं!

पाकीट फोडून केक केला की घरात कोणीतरी म्हणतंच, "सगळं आयतं हवं यांना!" म्हणून आज जरा मागे जाऊया.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या डफ कंपनीकडे काकवी जास्त झाली होती. ती खपवायला त्यांनी १९३०च्या दशकात केकचं तयार पीठ काढलं. आपल्या पुण्यात १९६३ साली गिट्स सुरू झालं. ढोकळा, गुलाबजाम पाकिटात आले.

पण थालीपीठाची भाजणी काय वेगळी? धान्यं-डाळी भाजायच्या, दळून डब्यात भरायच्या, हवं तेव्हा कांदा-पाणी घालून मळायचं. प्रीमिक्सच की! फक्त बाईच्या त्या कष्टाचे पैसे कोणी मोजले नाहीत.

पेण-रोह्याकडे मोदकासाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळायचे. आता मोदकाची पिठी दुकानात मिळते. आणि पेणचे पोह्याचे पापड तर प्रसिद्धच! इथल्या बायका ते लाटतात, म्हणून मुंबईकरांना नुसते तळावे लागतात.

म्हणजे पाकिटाने कष्ट संपत नाहीत, फक्त दुसऱ्या हातांकडे जातात. तेव्हा "आयतं" म्हणण्याआधी एवढंच विचारा: ते हात कोणाचे, आणि त्यांना मिळाले किती?