बर्फ, यवरस आणि माडी

मालवणच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जें पेय निघत आलें त्यास बर्फाची ओळख नव्हती; आणि युरोपांत ज्या पेयासाठीं बर्फाचा एवढा खटाटोप झाला तें येथें कोणी काढीत नसे. हल्लीं कांहीं हौशी मंडळी घरच्या घरीं बिअर करितात व उकळलेला यवरस निवविण्यास घरींच गोठविलेला बर्फ वापरतात. त्या लहानशा कृतीवरून आम्हांस हा विषय सुचला.

यवरस म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवांचा गोड काढा. उकळल्यानें त्यांतील बहुतेक जंतु मरतात. परंतु तो सावकाश निवूं दिला तर कोमट झाल्यावर नवे जंतु त्यावर तुटून पडतात, आणि कढत असतांनाच यीस्ट घातलें तर तें मरून जातें. म्हणून तो झटपट थंड करावा लागतो. बर्फ रसांतच टाकावयाचा असेल तर तो उकळून निवविलेल्या पाण्याचा हवा, कारण गोठल्यानें सारे जंतु मरतातच असें नाहीं. आणि वितळून जेवढें पाणी वाढेल तेवढें आधींच कमी धरावें लागतें. पाश्चरनें 1876 सालीं बिअरवरील आपल्या ग्रंथांत या जंतूंचा छडा लाविला. त्याच दशकांत लिंडे यानें म्युनिकच्या बिअर-कारखान्यांसाठीं शीतयंत्र सिद्ध केलें.

आपल्याकडे तेव्हां काय होतें? उत्तर हिंदुस्थानांत हिवाळ्याच्या निरभ्र रात्रीं गवतावर उथळ मातीचीं भांडीं मांडून त्यांत बर्फ धरीत. कोंकणांत ती युक्ति चालणें शक्य नव्हतें. दमट हवा रात्रींही ऊब सोडीत नाहीं. मग बर्फ आला तो थेट अमेरिकेहून! 1833 सालीं ट्यूडरचें ‘टस्कनी’ हें गलबत बोस्टनहून सुमारें 180 टन बर्फ घेऊन निघालें व चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां सुमारें 100 टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षीं तो मुंबईस आला. जमशेटजी जिजीभाई यांच्या मेजवानींत आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांस सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, शहराला ती आवडली एवढें निश्चित.

मालवणास या चैनीचा उपयोग नव्हता, पण अडचण तीच होती. भंडारी माडावर चढून पोयीचें टोंक पातळ कापतो. रस थेंबाथेंबानें मडक्यांत उतरतो. तो उकळलेला नसतो, व त्यांत यीस्टही कोणी घालीत नाहीं. मडकें व हवा तें काम आपण होऊन करितात. सकाळीं गोड असलेला रस ऊन चढतांच फेसाळूं लागतो, दिवसभरांत माडी होतो आणि पुढें आंबून शिरका. बिअरवाल्यास किण्वन लवकर सुरू व्हावें म्हणून थंडी हवी. भंडाऱ्यास तें लांबावें म्हणून हवी. थंडी नसल्यामुळें त्यानें चुना पत्करला. मडक्यास आंतून चुना फासला म्हणजे रस अल्कधर्मी होतो व जंतूंचा जोर मोडतो. ज्या जातींतून शिवाजी महाराजांच्या आरमाराचा मायनाक भंडारी निपजला, तिचें हें ज्ञान आम्हांस पाश्चरच्या ग्रंथाहून कमी मोलाचें वाटत नाहीं.

सरकारनें मात्र याकडे महसुलाच्याच दृष्टीनें पाहिलें. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानें झाड छेदण्यास परवाना लागला व झाडामागें कर बसला. हा कर रस विकला न विकला तरी द्यावयाचा, आणि न विकलेला रस तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहात नाहीं! तोट्याचा भार कोणावर पडला हें वेगळें सांगावयास नको. पुढें 1949 च्या दारूबंदी कायद्यानें नीरा आणि माडी यांत भेद केला. नीरा म्हणजे किण्वन होऊं नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यांत धरलेला, न आंबलेला रस. मडक्याच्या पोटांतील चुन्याचा हात अशा रीतीनें कायद्याच्या व्याख्येंत येऊन बसला. तो पुसट झाला कीं सकाळची नीरा दुपारीं गुन्हा ठरावी.

आतां मालवणच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडून बांगड्या-सुरमईवर पसरतात, व शीतपेटींत नीराही टिकविली जाते. माडाच्या शेंड्यावर मात्र बर्फ चढत नाहीं. तेथें अजून मडकें, चुना आणि पहांटेची घाईच आहे.