खानदेशांतील इतिहासप्रश्न आणि थाळनेरचा किल्लेदार

इतिहासाची गोडी लागलेलीं चार माणसें एकत्र बसलीं, कीं तीं एकमेकांस प्रश्न घालूं लागतात. अमुक गड कोणत्या सालीं पडला, किल्लेदार कोण होता, शिबंदी किती, तह कोठें झाला, असे ते प्रश्न असतात. पुष्कळ विद्वान् या देवघेवीस पोरखेळ समजतात. आमचें मत तसें नाहीं. प्रश्न लहान असला तरी चालतो; उत्तराबरोबर पुरावा मागितला जातो कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १९१० त खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें याच बुद्धीनें. राजवाड्यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला व त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. तेव्हां असल कागदावांचून बोलूं नये हा दंडक खानदेशास परका नाहीं.

जळगांव व धुळें येथील आम्ही कांहीं निवृत्त मंडळी बरींच वर्षें पत्रद्वारा असे प्रश्न परस्परांस पाठवीत आलों आहों. नियम एकच: उत्तराखालीं साक्षीदार कोण व तो घटनेपासून किती दूर होता, हें लिहावें. नुसतें उत्तर बाद.

आरंभीं बहुतेकांची अडचण कालगणनेचीच होते. शकांत अठ्ठ्याहत्तर मिळविले म्हणजे इसवी सन आला, हें शाळेंत सर्वांस पढविलेलें असतें. परंतु जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंतच्या काळासाठीं एकुणऐंशीं मिळवावे लागतात. शिवछत्रपतींचा जन्म जेधे शकावलीप्रमाणें शके १५५१ फाल्गुन वद्य ३ चा. अठ्ठ्याहत्तर मिळविणारा गडी १६२९ सांगून मोकळा होतो, वास्तविक ती तिथि १९ फेब्रुवारी १६३० ची आहे. त्यांतही ती तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन, पंचांगाची. नव्यानें १ मार्च येते. एवढ्या एका प्रश्नावर आमच्यांत पंधरा पत्रें झालीं आणि तीं वायां गेलीं असें आम्ही म्हणणार नाहीं.

दुसरा प्रकार याहून बिकट असतो. तेथें तारखेविषयीं वाद नसतो, साक्षी मात्र एकमेकींस खोडतात. असीरगड अकबरानें जानेवारी १६०१ त घेतला हें सर्वमान्य. तो कसा घेतला? अबुल फजलाच्या लेखाप्रमाणें किल्ल्यांत रोगराई पसरून आंतील लोक हतबल झाले. अकबराच्या दरबारीं असलेल्या जेसुइट पाद्र्यांची हकीकत निराळी: बहादुर फारुकीस वचन देऊन खालीं बोलाविलें, मग अडकविलें, आणि आंतील सरदारांस सोन्यानें फोडलें. एक साक्षीदार बादशहाचा पदरचा, दुसरा परधर्मी पाहुणा. कोणाच्या पारड्यांत किती वजन टाकावें, हें प्रश्न घालणारासही ठरवितां येत नाहीं.

पण ज्या प्रश्नानें आमच्या मंडळींत खरी खळबळ उडविली तो थाळनेरचा. प्रश्न दिसावयास अगदीं साधा होता: ‘खानदेशांतील कोणत्या किल्लेदाराच्या मृत्यूवरून विलायतेंतील पार्लमेंटानें सेनापतीची वाहवा आखडती घेतली?’ उत्तर: तुळशीराम मामा. नांव सांगतां येणारे दोघे निघाले. पुढची गोष्ट सांगावयास मात्र महिना लागला.

महिदपूर येथें २१ डिसेंबर १८१७ रोजीं होळकरांची फौज मोडली आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरी मुलूख इंग्रजांस मिळाला. तो ताब्यांत घेत सर टॉमस हिस्लॉप तापीवर उतरला. २७ फेब्रुवारी १८१८, म्हणजे शके १७३९ च्या अखेरच्या दिवसांत, थाळनेराहून त्याच्या फौजेवर गोळी आली. फारुकी सुलतानांच्या कबरी जेथें आहेत तेंच हें तापीकांठचें थाळनेर. इंग्रज लेखक म्हणतात कीं किल्लेदारास आधीं ताकीद गेली होती. तोफांनीं बाहेरचा दरवाजा मोकळा झाल्यावर तुळशीराम स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पांच दरवाजांपैकीं शेवटच्याची दिंडी उघडली, थोडे गोरे अधिकारी आंत शिरले आणि तेथें, बोलाचाली चालू असतां, शिबंदीनें हत्यार चालविलें. रॉयल स्कॉट्स पलटणीचे मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर पडले. मग सुमारें तीनशें लोकांची सरसहा कत्तल झाली आणि त्याच दिवशीं किल्लेदारास फांशीं दिलें.

हिस्लॉपनें शिक्षेचीं कारणें दोन दिलीं: प्रथमचें बंड आणि मागाहूनचा विश्वासघात. न्यायशास्त्र शिकलेल्यास येथें थांबावें लागतें. एका साध्यास दोन हेतु जोडले जातात तेव्हां बहुधा पहिला पुरता पडत नसतो. बंड म्हणावें तर तहानंतरही आपला किल्ला न सोडणारे किल्लेदार त्या काळीं कांहीं एकटे तुळशीराम नव्हते, आणि ते सारे फांशीं गेले नाहींत. विश्वासघात म्हणावा तर पांचव्या दरवाजाशीं कापाकापी झाली तेव्हां हा मनुष्य इंग्रजांच्याच हातांत होता. शिबंदींत अरबांचा भरणा मोठा. दिंडीपाशीं कोण काय बोललें व समोरच्यास किती कळलें, याचा विचार कोणी केला? ग्रँट डफासारख्या कंपनीच्या नोकरानेंही हा दगा आधीं योजिलेला होता असें मानण्यास कचरावें, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. उलट ब्लॅकर याच्या १८२१ च्या ग्रंथाचा आधार देतांना तो याच सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल होता, हें विसरतां कामा नये. इ. स. १८१९ त पार्लमेंटांत आभाराचा ठराव आला तेव्हां थाळनेरच्या फांशीविषयीं त्यांतून कोणतेंही मत समजूं नये, असें स्पष्ट लिहावें लागलें. हिस्लॉपच्याच देशबांधवांस ती जागा टोंचत होती.

आमच्या एका धुळेकर मित्रांचें म्हणणें असें कीं लढाईच्या धुमश्चक्रींत असे प्रकार घडतातच, त्यांचा एवढा बाऊ कशास. आम्ही त्यांस इतकेंच विचारिलें: धुमश्चक्री संपल्यावर, संध्याकाळीं, शांतपणें दोर बांधला, त्यास कोणत्या सदरांत घालावयाचें? त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मात्र त्यांनीं दुसराच प्रश्न पाठविला आणि तो चांगला आहे. किल्ला हवालीं करण्याविषयीं होळकर दरबारचा हुकूम तुळशीरामाच्या हातीं केव्हां पडला? वर घेतलेले साक्षीदार सारे एकाच बाजूचे आहेत. हुकूम निघाला तो दुसऱ्या बाजूनें, आणि तो मोडींत असणार.

शिरपूर, थाळनेर, चोपडें या टापूंत होळकरांच्या कमाविसदारांचीं व देशपांड्यांचीं घराणीं नांदलीं आहेत. ज्यांच्या माळ्यावर शके १७३९ च्या पौष ते फाल्गुन या महिन्यांचे रुमाल असतील, त्यांनीं ते झटकून पाहावे. थाळनेरच्या नांवाची एखादी चिठी, शिबंदीच्या पगाराचा एखादा झाडा, जासुदाच्या मेहनतान्याची एखादी नोंद निघाली तरी पुरे. तिची नक्कल तिथीसह या त्रैमासिकाकडे पाठवावी. अक्षर लागत नसल्यास छायाचित्र पाठवावें, वाचून देण्याचें काम आमच्याकडे.