मूल्यदर्शक (डीबगरमधील)

थांबवलेल्या किंवा कोसळलेल्या संगणक-प्रोग्रॅममधील संरचित मूल्ये माणसाला वाचता यावीत म्हणून डीबगरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम अथवा नियमसंच. जीडीबीमध्ये त्याला प्रिटी प्रिंटर, एलएलडीबीमध्ये डेटा फॉर्मॅटर आणि व्हिज्युअल स्टुडिओमध्ये नॅटव्हिस म्हणतात.

डीबगरला मुळात कळते ती मेमरीतील मांडणी; त्या मांडणीचा अर्थ त्याला कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील वणी या गावाचे नाव सी++ भाषेच्या स्ट्रिंगमध्ये ठेवले, तर काय दिसते ते पाहू. यूटीएफ-८ मध्ये व, ण आणि दीर्घ ईकार यांना प्रत्येकी ३ याप्रमाणे ९ बाइट लागतात. ६४ बिटांच्या यंत्रावर जीएनयूच्या प्रमाण लायब्ररीतील स्ट्रिंग ३२ बाइटांची असते: ८ बाइट पत्त्याला, ८ लांबीला आणि उरलेल्या १६ बाइटांत १५ पर्यंतचा मजकूर तिथल्या तिथे मावतो. त्यामुळे 'वणी' स्ट्रिंगच्या पोटातच राहते. 'यवतमाळ'ला मात्र १८ बाइट लागतात. ते बाहेर दुसरीकडे ठेवावे लागते आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्याची क्षमता नोंदवली जाते. मूल्यदर्शक नसेल तर डीबगर त्या सामायिक जागेचे दोन्ही अर्थ एकदम छापतो. अक्षरसंहिता नीट जुळलेली नसल्यास 'वणी' ३४०, २४४, २६५ अशा अष्टमान आकड्यांच्या माळेत दिसते आणि शेजारी 'क्षमता' म्हणून वीस आकडी निरर्थक संख्या उमटते. ती संख्या म्हणजे त्याच अक्षरांचे पहिले ८ बाइट. नव्या माणसाला तिथेच बिघाड सापडल्यासारखे वाटते आणि त्याचा तासभर त्यातच जातो.

जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. त्याच्या ७.० या आवृत्तीत, ऑक्टोबर २००९ मध्ये, पायथन भाषेतून विस्ताराची सोय आली आणि मूल्यदर्शक खऱ्या अर्थाने वापरकर्त्याच्या हाती आला. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये आधी एका साध्या मजकूर-फाइलीत नियम लिहावे लागत. २०१२ च्या आवृत्तीपासून त्यांची जागा एक्सएमएलमधील नॅटव्हिसने घेतली.

जीडीबीतील दर्शकाचे काम तीन गोष्टींत आटोपते. 'टू-स्ट्रिंग' एका ओळीचा सारांश देते, 'चिल्ड्रन' आतले घटक एकेक करून पुरवते आणि 'डिस्प्ले-हिंट' हा मजकूर आहे, यादी आहे की किल्ली-मूल्यांचा नकाशा, एवढे सांगते. घटक एकेक करून देणे फार मोलाचे आहे. बिघडलेली साखळी स्वतःलाच वळसा घालून येत असली, तरी जीडीबी ठरलेल्या मर्यादेला (मूळ नेमणुकीत २०० घटक) थांबतो. सगळी यादी आधीच गोळा करू पाहणारा दर्शक अशा वेळी डीबगरलाच लटकवून ठेवतो.

सारांशात काय घ्यायचे हे ठरवायला त्या विषयाची जाण लागते. 'गाव' या संरचनेत नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड आहेत असे समजा. फक्त नाव दाखवणारा दर्शक महाराष्ट्रात फसेल, कारण नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातही वणी आहे आणि देवनागरीत दोन्ही नावांचे बाइट तंतोतंत सारखे आहेत. 'वणी, यवतमाळ, ४४५३०४' असे दिसले तरच चुकीच्या गावाला जोडलेली नोंद नजरेत भरते.

याहून मोठा धोका दर्शकाच्या हुशारीत असतो. यवतमाळमधील वणीचा परिसर कोळसा खाणींचा. तिथे ट्रकचा काटा ही रोजची गोष्ट. काट्याच्या पावतीची एक काल्पनिक संरचना घेऊ: भरलेले वजन ४८,६०० किलो, रिकामे १३,४०० किलो, म्हणून निव्वळ ३५,२०० किलो. लिहिणाऱ्याने निव्वळ वजनासाठी १६ बिटांची चिन्हांकित संख्या निवडली असेल, तर तिची मजल ३२,७६७ पर्यंतच जाते आणि साठवलेले मूल्य उणे ३०,३३६ होते. आता मूल्यदर्शकाने सोयीसाठी भरलेल्या वजनातून रिकामे वजा करून निव्वळ वजन दाखवले, तर पडद्यावर ३५,२०० असा अचूक आकडा येईल. प्रोग्रॅम चुकलेला असेल आणि डीबगर तो बरोबर असल्याची ग्वाही देत राहील. म्हणून दर्शकाने साठवलेले मूल्यच दाखवावे. हिशोब करून दाखवायचाच असेल तर तो वेगळ्या नावाने, साठवलेल्या आकड्याच्या शेजारी ठेवावा. माझ्या मते चांगला आणि घातक मूल्यदर्शक यांतला फरक इथेच ठरतो.

डीबगर उघडला जातो तो बहुधा काहीतरी मोडल्यावरच. त्यामुळे पत्ता शून्य असेल, लांबी अशक्य असेल, मूल्याला अजून पहिली किंमतच मिळालेली नसेल, हे दर्शकाने गृहीत धरलेच पाहिजे आणि तसे दिसल्यास स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याने मूळ प्रोग्रॅममधील फंक्शनेही शक्यतो बोलावू नयेत. ती बोलावल्याने तपासाखालची स्थिती बदलू शकते. आणि कोसळलेल्या प्रोग्रॅमची कोअर फाइल तपासताना ही फंक्शने चालवायला जिवंत प्रक्रियाच नसते, फक्त मेमरी वाचता येते.

पायथनमधील दर्शक हा स्वतःच चालणारा कोड आहे. म्हणून प्रोग्रॅमसोबत आलेली दर्शकाची फाइल जीडीबी आपोआप उचलतो खरा, पण ती वापरकर्त्याने विश्वासार्ह ठरवलेल्या मार्गावर असेल तरच. कोणते दर्शक लागू आहेत हे 'इन्फो प्रिटी-प्रिंटर' या आज्ञेने कळते. पडद्यावरच्या आकड्याची शंका आली, तर 'प्रिंट' आज्ञेला '/आर' जोडून दर्शक बाजूला सारावा आणि मेमरीतील मूळ मांडणी आपल्या डोळ्यांनी पाहावी.