सायकल आणि वाटेवरील शिष्टाचार

वाटेंत भेटणाऱ्या अनोळखी माणसाशीं कसें वागावें, हा प्रश्न वाहनाइतकाच जुना आहे. पालखी, घोडा, टांगा यांच्या काळीं त्याचें उत्तर बहुधा वाहनांत बसणाऱ्याच्या मानमरातबावरून ठरत असे. सायकलीनें तें कितपत बदललें, हें पाहण्यासारखें आहे.

१८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल पुढें आणली, व १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. म्हणजे हें वाहन आपल्याकडे फार उशिरां आलें असें नाहीं. इंग्लंडांत प्रवासी सायकलस्वारांचा संघ तर १८७८ सालींच निघाला होता. धोक्याच्या उतारांवर त्यानें सूचनेच्या पाट्या लावल्या. मागून येणाऱ्या अपरिचिताची अशी काळजी वाहणें, हेंच सायकलस्वाराच्या शिष्टाचाराचें मूळ होय.

आपल्याकडे त्याचें मोल किती, हें कळण्यास एक प्रसंग पुरे आहे. १९२९ सालीं डॉ. आंबेडकर हे अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. त्या दौऱ्यांत ते चाळीसगांवीं उतरले, तेव्हां त्यांना घेऊन टांगा हांकण्यास टांगेवाले तयार होईनात. शेवटीं टांगा तेवढा मिळाला, आणि वस्तींतील एका अननुभवी गृहस्थानें तो हांकला. नदीवरील पुलावर चाक अडकलें, डॉक्टर दगडी फरशीवर फेंकले गेले व त्यांचा पाय मोडला. ज्याच्या विद्वत्तेस विलायतेंत मान मिळाला, त्यास स्वदेशीं हांकणारा मिळाला नाहीं!

सायकलीस निराळा हांकणारा लागत नाहीं. तेव्हां हें वाहन मनुष्यास परक्याच्या मर्जींतून सोडवितें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. नांदेडाहून लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर अशा मार्गानें लातूर सुमारें १४० किलोमीटर पडतें. खंडोबाच्या जत्रेसाठीं माळेगांवीं दूरदूरचे घोडे येतात. पण घोड्यास न भिवविणारा बाभळीचा लहानसा कांटा सायकलस्वाराचें सारें स्वावलंबन क्षणांत संपवितो. मग पंप कोणाजवळ आहे, आणि नळीचें छिद्र शोधण्यास पाणी कोणाच्या घागरींतून मिळेल, हे प्रश्न उभे राहतात. पाण्याचा प्रश्न आला कीं आपल्या समाजांत जातीचा प्रश्न फार दूर नसतो.

म्हणून सायकलस्वाराचा शिष्टाचार घंटी वाजविणें, डाव्या बाजूनें जाणें, रात्रीं दिवा लावणें किंवा गुरें न बुजविणें एवढ्यानें पुरा होत नाहीं. वाटेंत सायकल उलटी करून बसलेला मनुष्य दिसतांच थांबावें, 'काय झालें?' म्हणून पुसावें, आणि नांवगांवाच्या आधीं पंप पुढें करावा, हें त्याचें खरें कलम आहे.

हा धडा आपणांस परका नाहीं. पंढरीच्या वाटेवर वारकरी अनोळखी वारकऱ्यासही 'माउली' म्हणून त्याच्या पायां पडतो. तरी त्याच पंढरीचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावयास साने गुरुजींना १९४७ सालीं उपोषण करावें लागलें. वाटेवर उमटलेली समता दारापर्यंत पोंचावयास शतकें लागलीं. पण ती उमटली प्रथम वाटेवरच, हें सायकलस्वारानें विसरूं नये.