आइसलंडमधील जनुक-संशोधन आणि संमतीचा प्रश्न (१९९६–२०१८)

वैद्यकीय संशोधनात संमतीचा विचार बहुधा वैद्य आणि रोगी या दोन व्यक्तींपुरताच होत आला आहे. परंतु संशोधनाचा विषय एखादी व्यक्ती नसून समग्र लोकसमुदाय असेल, तर संमती कोणी व कोणाच्या वतीने द्यावयाची? हा प्रश्न आइसलंडमध्ये जितक्या स्पष्ट स्वरूपात उभा राहिला, तितका तो अन्यत्र क्वचितच राहिला असेल.

आइसलंडची वसाहत नवव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. वसाहतकारांत नॉर्वेतील लोकांचा भरणा होता. स्त्रियांपैकी बऱ्याच ब्रिटिश बेटांतून आलेल्या होत्या. त्यानंतर बाहेरून फारशी भर पडली नाही. उलट रोगराई, दुष्काळ आणि १७८३ मधील लाकी ज्वालामुखीचा उद्रेक यांनी लोकसंख्या वेळोवेळी खालावली. अशा समाजात एखाद्या मूळ पुरुषाकडून आलेला विरळ जनुकदोषही पुष्कळ वंशजांत आढळतो, आणि दोन रोग्यांना तो एकाच पूर्वजाकडून मिळाला किंवा नाही, हे वंशावळीवरून ठरविता येते. वंशावळी जतन करण्याची तेथील परंपरा दीर्घ असल्याने संशोधनास अनुकूल अशी ही भूमी होती.

हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन केलेले मज्जातंतुतज्ज्ञ कारी स्टेफान्सन यांनी १९९६ साली रेक्याविक येथे ‘डीकोड’ ही कंपनी स्थापन केली. फेब्रुवारी १९९८ मध्ये हॉफमन-ला रोश या स्विस औषध-कंपनीशी बारा रोगांच्या जनुकांच्या शोधासाठी २० कोटी डॉलरपर्यंतचा करार झाला. या कामासाठी लागणारे रक्तनमुने रोग्यांकडून व त्यांच्या नातलगांकडून लेखी संमतीने घेतले जात, आणि दात्याची ओळख सांकेतिक क्रमांकाआड ठेवली जाई.

याच वर्षी वादाला तोंड फुटले. परंतु त्याचे कारण रक्तनमुने नव्हते, रुग्णनोंदी होत्या. आल्थिंग या लोकसभेने १७ डिसेंबर १९९८ रोजी आरोग्य-माहितीकोशाचा अधिनियम संमत केला. त्यान्वये सर्व देशाच्या रुग्णनोंदी एका कोशात एकत्र करावयाच्या होत्या, आणि वंशावळींशी व जनुकविषयक माहितीशी त्यांची सांगड घालण्याची मुभा होती. यासाठी संमती मागितली जाणार नव्हती, ती गृहीत धरली जाणार होती. ज्याची इच्छा नसेल त्याने तसे कळवावे, एवढीच सोय होती. जानेवारी २००० मध्ये या कोशाचा १२ वर्षांचा एकाधिकार डीकोडला मिळाला. आइसलंडच्या वैद्यक संघाने विरोध केला. ‘मान्नवेर्न्ड’ ही संस्था याच विरोधातून निर्माण झाली. तीन लक्षांहूनही कमी लोकवस्तीच्या या देशात २० हजारांहून अधिक नागरिकांनी आपल्या नोंदी कोशात घालू नयेत, असे लेखी कळविले.

निर्णायक आघात मात्र न्यायालयाकडून झाला. आपल्या मृत पित्याच्या नोंदी कोशात जाऊ नयेत, अशी एका कन्येची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल तिच्या बाजूने दिला. मृताच्या वतीने हक्क बजावण्याचा अधिकार तिला नाही. परंतु पित्याच्या आनुवंशिक लक्षणांवरून तिच्याविषयीही अनुमान काढता येते, म्हणून स्वतःच्या खासगीपणासाठी ती हरकत घेऊ शकते, अशी न्यायालयाची भूमिका होती. अधिनियमातील संरक्षक तरतुदीही न्यायालयाला अपुऱ्या वाटल्या. माहितीकोश पुढे कधीच अस्तित्वात आला नाही.

तथापि आइसलंडची जनता संशोधनाला विन्मुख होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्या समाजातील हजारो लोकांनी गृहीत संमती नाकारली, त्याच समाजातील १ लक्ष ६० हजारांहून अधिक व्यक्तींनी कालांतराने विचारल्यावर स्वेच्छेने आपले नमुने दिले. विरोध दानाला नव्हता. न विचारता घेण्याला होता. विचारण्याची रीतही मात्र निर्वेध राहिली नाही. २०१४ साली सुमारे १ लक्ष नागरिकांना लाळनमुन्याची साधने टपालाने पाठविण्यात आली, आणि नमुने गोळा करण्याचे काम लोकप्रिय बचाव-पथकांच्या स्वयंसेवकांकडे सोपविण्यात आले. प्रत्येक नमुन्यामागे पथकांच्या संघटनेला देणगी मिळणार होती. दारात उभ्या असलेल्या बचाव-स्वयंसेवकाला नकार देणे कितपत सुकर असते, असा आक्षेप तेथील काही विद्वानांनी घेतला.

यापुढील प्रश्न अधिक बिकट होता. २,६३६ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करून त्याआधारे १ लक्षाहून अधिक लोकांच्या जनुकरचनेचे अनुमान केल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. वंशावळ हाती असल्यावर असे अनुमान ज्यांनी नमुना दिलाच नाही, अशा नातलगांविषयीही करता येते. या पद्धतीचा संमतीविना व्यापक उपयोग करण्यास माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१३ मध्येच नकार दिला होता. म्हणजे २००३ च्या निकालातील कन्येची भीती निराधार नव्हती, हे विज्ञानानेच सिद्ध केले.

परंतु याच अनुमानाने प्राणही वाचू शकत होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढविणारा ‘बी.आर.सी.ए.–२’ या जनुकातील एक विशिष्ट दोष आइसलंडमध्ये दर हजारी सुमारे सात जणांत आढळतो. तो कोणात आहे, हे कंपनीला ठाऊक होऊ शकत होते. मात्र तशी संमती घेतलेली नसल्याने त्या व्यक्तींना ते कळविता येत नव्हते. अखेर २०१८ साली, ज्यांना ही माहिती हवी असेल त्यांनी स्वतः मागावी, अशी सोय करण्यात आली. येथेही तोडगा विचारण्यातूनच निघाला.

या दोन दशकांच्या इतिहासावरून एवढे म्हणता येईल की, आनुवंशिक नमुन्याचे दान हे केवळ एका व्यक्तीचे दान नसते. दाता स्वतःबरोबर भावंडांची, अपत्यांची आणि मृत पितरांचीही माहिती देत असतो. व्यक्तीची संमती म्हणूनच आवश्यक असली, तरी पुरेशी ठरत नाही. आणि समुदायाची संमती लोकसभेच्या बहुमताने मिळते असे मानणे किती धोक्याचे आहे, हे आइसलंडच्या न बांधल्या गेलेल्या माहितीकोशाने दाखवून दिले आहे.